मिठाच्या पाण्याची मुदत

मनुष्याच्या देहात मनुष्यानेच बसवलेली वस्तू किती वर्षे टिकावी, आणि ती टिकेनाशी झाल्यावर पुढे काय करावयाचे हे कोणी ठरवावे, हा प्रश्न २०२३ च्या आषाढात आमच्या घरी आला तेव्हा तो विचार करण्याजोगा आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही. तो एक अडचण म्हणून आला. आषाढी एकादशी होऊन तीन-चार दिवस झाले असतील. इच्छापोरहून माझ्या वन्संचा दूरध्वनी आला. पावसापाण्याचे बोलणे झाले, उपासाच्या भगरीची चौकशी झाली, आणि मग नळ आला नाही हे सांगावे अशा सुरात त्या म्हणाल्या, “वहिनी, माझ्या उजवीकडचं पाणी गेलं.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. बावीस वर्षे ज्या गोष्टीचा आमच्या घरात उच्चार झाला नव्हता ती मी जवळजवळ विसरले होते. २००१ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, वन्संना स्तनाचा कर्करोग झाला. मुंबईस शस्त्रक्रिया होऊन उजवा स्तन काढावा लागला आणि त्या जागी सलाईनचे इम्प्लांट बसवण्यात आले. आम्ही सर्वांनी ते सारे ‘ऑपरेशन’ या एका शब्दात गुंडाळून माळ्यावर टाकले. गायकवाड सरकारच्या चाकरीस म्हणून नवसारी प्रांतात आलेले आमचे घराणे. पुढे ते सुरतेत स्थिरावले. आमच्या आजेसासूबाई गरोदरपणालाही ‘दिवस गेले’ याहून स्पष्ट शब्द वापरीत नसत. स्तन हा शब्द देवीच्या संस्कृत स्तोत्रात निःशंक चाले. स्वयंपाकघरात चालत नसे. मी हे टीकेच्या सुरात सांगत नाही. त्या संकोचालाही स्वतःची एक अदब होती. परंतु त्याची किंमत या वेळी कोणी दिली ते मला सांगायचे आहे, आणि वन्संची अनुमती घेऊनच मी हे लिहीत आहे. “नाव तेवढं घालू नका, बाकी सगळं लिहा,” असे त्यांचे शब्द.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सलाईन म्हणजे रुग्णालयात खाटेशेजारी टांगलेल्या बाटलीत असते तेच: एका लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, निर्जंतुक केलेले, रक्ताच्या क्षारतेशी जुळणारे. सिलिकोन रबराची एक पातळ पिशवी असते. ती बहुधा रिकामीच आत बसवतात, नळीने तिच्यात हे पाणी भरतात आणि झडप मिटवून घेतात. म्हणजे कवच सिलिकोनचेच असते, आत मात्र पाणी. दुसऱ्या प्रकारात आतही सिलिकोनच असते, जेलच्या रूपात. त्या जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी एका स्त्रीला बसवले. पाण्याने भरावयाचा प्रकार दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, फ्रान्समध्ये निघाला. १९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याच्या कारणावरून जेलच्या इम्प्लांटांचा सर्वसाधारण वापर थांबवला आणि ही बंदी २००६ पर्यंत चालली. मधल्या काळात तेथे पाण्याच्या पिशवीचे दिवस होते. २००० च्या मे महिन्यात तिला रीतसर मंजुरीही मिळाली. वन्संची शस्त्रक्रिया त्याच सुमाराची.

ही पिशवी किती वर्षे टिकते? लोकांच्या तोंडी दहा वर्षांचा आकडा असतो. तो बराचसा हमीपत्रांतून आलेला आहे. हमीपत्रातील मुदत म्हणजे उत्पादक किती काळ पैशाची जबाबदारी घेतो याची मुदत. रबराला ती माहीत नसते. दहा वर्षे भरली म्हणून सुस्थितीत असलेली, न दुखणारी, आकार न बदललेली पिशवी काढून नवी घालावी असा वैद्यकाचा नियम नाही. उलट ‘एकदा बसवली की जन्माची काळजी मिटली’ हेही खरे नाही. ही आयुष्यभराची वस्तू नव्हे, असे अमेरिकेचे प्रशासन स्पष्ट शब्दांत सांगते. त्याच प्रशासनाने २०११ साली दिलेल्या अहवालात आहे की, केवळ आकारवृद्धीसाठी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रियांपैकी पाचांत एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावे लागते. आणि कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी ज्यांना बसवले त्यांच्यात हे प्रमाण दोघींत एक इतके असू शकते. ज्यांनी आधीच पुष्कळ सोसले त्यांच्याच वाट्याला दुसरी शस्त्रक्रिया अधिक येते, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

पिशवी निकामी होण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. रबर जेथे वारंवार दुमडते त्या घडीवर ते झिजते, जसे आपले जुने लुगडे घडीवरच विरते. पाणी कमी भरलेले असेल तर घड्या अधिक पडतात. कधी झडप गळते. कधी पिशवी धड असते, पण तिच्याभोवती शरीराने विणलेले तंतूंचे वेष्टन आवळत जाऊन ती जागा कठीण व दुखरी होते. आकार बिघडला, वेदना सुरू झाली, काठिण्य आले, की वैद्याकडे जावे. आणि पुष्कळ वर्षांनंतर एकाएकी सूज आली वा भोवती द्रव साठला, तर विनाविलंब जावे. कारण खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांशी निगडित असा लसिकापेशींचा एक विरळा कर्करोग आता ठाऊक झालेला आहे. त्यामुळेच २०१९ च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला आपली खडबडीत इम्प्लांटे जगभरातून मागे घ्यावी लागली. तरीही ज्या स्त्रियांना काही लक्षण नाही त्यांनी ती काढून घ्यावीत असे त्या वेळीही सांगितले गेले नाही, कारण काढण्याच्या शस्त्रक्रियेचाही धोका असतोच. बाजारातून परत बोलावलेली वस्तू देहात मात्र राहू द्यावी, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात विवेक आहे.

मला या माहितीत सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र वेगळीच वाटली. पाण्याची पिशवी फुटली की ती सांगते. काही तासांत किंवा दिवसांत ती बाजू सपाट होते. पाणी शरीर शोषून घेते आणि मूत्रावाटे बाहेर टाकते. अपाय होत नाही, परंतु लपतही नाही. जेलची पिशवी फुटली तर पुष्कळदा कोणालाच कळत नाही. जेल घट्ट असते, जागेवर राहते, आकार तसाच दिसतो. म्हणूनच त्या स्त्रियांना पाच-सहा वर्षांनी, व पुढे दर दोन-तीन वर्षांनी, सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहण्याचा सल्ला देतात. पाण्यासाठी अशा तपासणीची गरज नसते. डोळ्यांना दिसतेच.

आमच्या पिढीच्या बायकांना यातला भेद समजावून सांगावा लागू नये. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ताक कळकते. पातेले बाहेरून लखलखीतच असते, पण ताक सांगते. वर्षातून एकदा कल्हईवाला शेरीत आला की आपण भांडी बाहेर काढीत असू, त्यात पातेल्याला कमीपणा नव्हता. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीसही झीज थांबवण्यासाठी वज्रलेप करावा लागतो; २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीने मंदिर भाविकांना बंद असताना, तो करण्यात आला. तेव्हा नव्याने करावे लागणे हा वस्तूचा दोष मानण्याची आपली रीत नाही. दोष असतो तो न कळू देण्यात. वन्संचा मुलगा इच्छापोरच्या जेम्स अँड ज्वेलरी पार्कमधील एका कारखान्यात कामास आहे. तो एकदा सांगत होता, “मामी, हिरा झिजत नाही, पण त्याला धरणारी सोन्याची नखं झिजतात. म्हणून गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, अंगठी अधूनमधून दाखवून जा. पुष्कळ दुकानदार सांगत नाहीत, कारण विकताना ‘जन्मभर’ हा शब्द वापरलेला असतो.” हे तो अंगठीविषयी बोलत होता.

न सांगण्याच्या पापाचे टोक फ्रान्समध्ये दिसले. पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकोन भरून इम्प्लांटे विकली. २०१० मध्ये ती बाजारातून काढण्यात आली. २०११ च्या डिसेंबरात फ्रेंच सरकारने आपल्या देशातील सुमारे तीस हजार स्त्रियांना ती खबरदारी म्हणून काढून घेण्याचा सल्ला दिला. कंपनीचा संस्थापक ज्याँ-क्लोद मास याला २०१३ साली चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ही उघड लबाडी होती, आणि लबाडीचा न्याय करणे तुलनेने सोपे असते. मला अवघड वाटतो तो न्याय जेथे कोणीही लबाड नव्हते त्या ठिकाणचा, म्हणजे आमच्या घरचा.

२००१ मध्ये वन्संनी संमतिपत्रावर सही केली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी शल्यविशारद अतिशय प्रेमळपणे म्हणाले होते, “आता सगळं विसरून जा.” कर्करोगातून उठलेल्या बाईला याहून दिलासा देणारे वाक्य कोणते? मीही तेच म्हटले असते. परंतु नेमकी जी गोष्ट आठवणीत ठेवायला हवी होती तीच विसरायला सांगितली गेली. बसवलेल्या वस्तूला मुदत आहे, ती केव्हातरी संपेल, तेव्हा तुम्ही साठीच्या किंवा सत्तरीच्या असाल आणि पुन्हा एकदा निर्णय घ्यावा लागेल, हे त्या दिवशी सांगितले गेले असते तर त्यांनी कदाचित तोच निर्णय घेतला असता. पण तो दोन वयांच्या दोन बायकांच्या वतीने घेतला असता.

येथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो असे मला वाटते. सत्तेचाळीस वर्षांच्या स्त्रीला एकोणसत्तर वर्षांच्या स्त्रीच्या वतीने सही करण्याचा अधिकार आहे काय? व्यवहारात आपण असे रोज करतो. विवाह करतो, घराचे कर्ज काढतो, व्रत घेतो आणि पुढल्या आपल्याला बांधून टाकतो. त्यावाचून जगणेच शक्य नाही. पण कर्जाचे कागद कपाटात असतात आणि हप्ता दर महिन्याला आठवण देतो. इथे करार कातडीखाली असतो, आणि बावीस वर्षे मौनात असतो. २००८ साली समीरा कोहली खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीविषयी जे ठरवून दिले, त्याचे सार असे की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय आणि मोठे धोके पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. मी यात एका शब्दाची भर घालीन: मुदत. आपण बसवीत आहोत त्या वस्तूनंतर बहुधा दुसरी शस्त्रक्रिया येईल, हे त्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या स्वरूपातच मोडते.

गीतेत देहाला वस्त्राची उपमा दिलेली आहे आणि जीर्ण झाल्यावर ते टाकून नवे घेण्यात शोक कशाचा, असा तिचा आशय आपण सांत्वनाच्या प्रसंगी सांगत आलो. वन्संच्या बाबतीत मला ती उपमा पुरेना. इथे वस्त्र जीर्ण झाले ते नेसणारीच्या आतले, आणि नेसणारी जागच्या जागी आहे. तिला उद्या सकाळी बाजारात जायचे आहे.

आता आमचा अपराध सांगते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वन्संना सुरतेतील एका डॉक्टरांकडे नेले. मी, वन्सं आणि भाचा. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी केली, सूज वा गाठ नाही याची खात्री करून घेतली आणि हसत म्हणाले, “बा, चिंता ना करशो, ए तो मीठानुं पाणी ज हतुं, शरीर पी गयुं.” आम्ही तिघांनी निःश्वास टाकला. त्यांनी जुने कागद मागितले: कोणत्या कंपनीची पिशवी, किती मापाची, क्रमांक काय. ते कागद २००६ च्या ऑगस्टमध्ये गेले होते. उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली तेव्हा वन्सं अडाजणला राहत. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होते ते सारे लगदा झाले. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथेही इतके जुने दप्तर ठेवलेले नव्हते. (ज्या वाचकांच्या घरी कोणाच्या देहात कसलेही रोपण असेल, सांधा असो, झडप असो, त्यांनी त्या कार्डाची छायाप्रत आजच दुसऱ्याच्या घरी ठेवावी. पूर सांगून येत नाही.)

डॉक्टरांचे वाक्य तेथे संपले नव्हते. ते पुढे म्हणाले होते, “पण जे करवुं होय ते वहेलुं करजो.” कारणही त्यांनी सांगितले. पिशवी सपाट झाली की भोवतीचे वेष्टन आकसू लागते, जागा लहान होत जाते. काही आठवड्यांत नवी पिशवी घालायची ठरवली तर काम सोपे. उशीर केला तर ती जागा पुन्हा मोकळी करावी लागते. बदलायचे नसेल, तर रिकामे कवच काढून टाकायचे आणि तसेच राहायचे. त्यातही काही वावगे नाही. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, निवड बांची, असे ते म्हणाले. आम्ही वाक्याचा पहिला अर्धा भाग घरी घेऊन आलो.

मग घरात ‘विचार’ सुरू झाला. त्या वर्षी श्रावण अधिक होता. अठरा जुलैस अधिक महिना लागला. अधिकात शस्त्रक्रिया कशाला, असे मी म्हणाले. कोणी मला विचारले नव्हते. मी आपण होऊन म्हणाले. मग निज श्रावण, मग गौरी-गणपती, मग पितृपक्ष. पितृपक्षात तर प्रश्नच नव्हता. भाचा मला एकीकडे घेऊन म्हणाला, “मामी, आईला आता या वयात हे कोणासाठी करायचंय?” तो वाईट मुलगा नाही. भूल, रक्तदाब, वय या सगळ्याची त्याला धास्ती होती, आणि धास्तीला त्याने जो शब्द सापडला तो वापरला. पण ‘कोणासाठी’ हा प्रश्न मला तेव्हा रास्त वाटला, हे कबूल केले पाहिजे. मी मान हलवली. सूनबाईंचे मत उलट. त्या म्हणत, “पदर सारखा ओढून घेतात, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसतात, नवं बसवायलाच हवं.” त्यांचीही माया खरी होती. एक जण म्हणत होता गरज नाही, एक जण म्हणत होती हवेच. आम्ही बैठकीत बोलत होतो आणि वन्सं स्वयंपाकघरात होत्या.

‘कोणासाठी’ या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. स्त्रीच्या देहाचा आकार कोणातरी दुसऱ्यासाठी असतो आणि तो दुसरा नसेल, वा वय उलटले असेल, तर आकाराचे प्रयोजन संपते, असे ते गृहीत. सत्तरीच्या पुरुषाने पुढचे दोन दात बसवून घेतले तर ते कोणासाठी, असे आपण विचारतो काय? आणि याच्या उलट बाजूचे गृहीतही तितकेच घट्ट आहे. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन कर्करोगामुळे काढला गेला तेव्हा त्यांनी कृत्रिम स्तन लावण्यास नकार दिला. त्याविना दवाखान्यात येण्याने इतर रुग्णांचे मनोधैर्य खचते, असे त्यांना परिचारिकेने सुनावल्याचे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कर्करोगाच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. म्हणजे न लावणेसुद्धा दुसऱ्यांसाठी तपासले जाते. आणि ह्यूस्टनच्या त्या पहिल्या स्त्रीची हकीकत तर मला वारंवार आठवते. ती छातीवरचे गोंदण काढून घ्यायला रुग्णालयात गेली होती. नव्या इम्प्लांटाचा प्रयोग डॉक्टरांनी सुचवला. तिला स्वतःला हवे होते ते कान नीट करून घेणे. तेही करून देऊ या बोलीवर ती तयार झाली. एका मोठ्या उद्योगाच्या मुळाशी एका बाईची भलतीच, साधीशी इच्छा आहे.

इच्छापोर या गावाच्या नावातच इच्छा आहे. हजिऱ्याच्या रस्त्यावर ती पाटी दिसली की त्या चार महिन्यांत मला दर खेपेस थोडे अवघडल्यासारखे होई, कारण त्या घरात एका बाईची इच्छा सोडून बाकी सर्वांची मते मला पाठ झाली होती.

दिवाळी झाली. तुळशीचे लग्न लागले. डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून पाहिले आणि या वेळी ते हसले नाहीत. जागा आकसली होती, कातडी पातळ व ताठर झाली होती. नवी पिशवी घालायची तर आधी कातडी ताणणारी तात्पुरती पिशवी बसवावी लागेल, तिच्यात दर खेपेस थोडे थोडे पाणी भरत काही महिने जातील, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया. जुलैत जे एका खेपेत होण्याजोगे होते ते आता दोन खेपांचे झाले होते. वन्संनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “मग काढूनच टाका.”

भाच्याला हायसे वाटले. मलाही, पहिल्या क्षणी, वाटले. निर्णय शहाणपणाचा होता, वयाला शोभणारा होता, आणि आता तो त्यांचा स्वतःचा होता. परतीच्या वाटेवर मगदल्ल्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा माझ्या ध्यानात आले की तो त्यांचा नव्हता. दोन वाटांपैकी एक आम्ही चार महिने बोलत बसून बुजवली होती आणि उरलेल्या एका वाटेने त्या गेल्या, याला निवड म्हणता येत नाही. ‘थांबू या’ म्हणणे हे आपल्याला तटस्थपणाचे वाटते. घड्याळ चालू नसेल तर ते तसे असेलही. इथे शरीर थांबले नव्हते. फक्त आम्ही थांबलो होतो. पंचांग उघडून मी जो विलंब शास्त्रशुद्ध केला तो माझ्या संकोचाचा होता, हे मी आज लिहू शकते, तेव्हा मला ते कळले नव्हते. ज्या जेलच्या पिशवीला मी वर न सांगण्याचा दोष दिला, तिच्यात आणि आमच्या बैठकीत फारसा फरक नव्हता. बाहेरून घर अगदी सुघड दिसत होते.

यावर कोणी म्हणेल, वन्संनी स्वतः का नाही सांगितले? मीही तो प्रश्न मनात घोळवून पाहिला. त्यात तथ्य नाही असे नाही. शिकलेल्या, एकेकाळी बँकेत नोकरी केलेल्या बाईने तोंड उघडायला हवे होते. पण ज्या घरात त्या अवयवाला शब्दच नाही, तिथे त्याविषयीच्या इच्छेने कोणत्या शब्दात बाहेर यावे? त्यांनी एकदा सांगितले होते, दूरध्वनीवर, ‘उजवीकडचं पाणी गेलं’ असे. आम्ही त्याला बातमी समजलो.

शस्त्रक्रिया लहानशी झाली. दुसऱ्या दिवशी वन्संनी काढलेले कवच पाहायला मागितले. डॉक्टरांनी एका लहान भांड्यात आणून दाखवले. पारदर्शक, किंचित पिवळट, दुमडलेले, आणि एका घडीवर केसासारखी बारीक चीर. वन्सं बराच वेळ बघत होत्या. “बावीस वर्षं चाललं हो,” एवढेच म्हणाल्या, एखाद्या जुन्या मोलकरणीला निरोप द्यावा तशा स्वरात.

आता त्या मलमलीच्या दुहेरी कापडाची गोल पिशवी शिवतात आणि तिच्यात मोहरी भरतात. कापसाला वजन नसते, म्हणतात, आणि वजन नसले की खांदा एकीकडे कलतो. बिघडली की उसवून पुन्हा भरतात. ओळखीतल्या दोघीतिघींना त्यांनी अशा शिवून दिल्या आहेत, आणि देताना त्या अवयवाचे नाव त्या स्पष्ट मराठीत घेतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या हातातली कपबशी हिंदकळली.

गेल्या महिन्यात इच्छापोरला गेले असता त्या ओटीवर सूप घेऊन बसल्या होत्या. घरात दुसरे कोणी नव्हते. मी धीर करून विचारले, “वन्सं, आषाढातच ठरवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? बदललं असतं, की काढलं असतं?”

त्यांनी सूप थांबवले नाही. “तेव्हा विचारलं असतंत, तर तेव्हा सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या, आणि मोहरीतला खडा वेचून बाजूला टाकला.